जळक्या साखरेचा वास

कारखान्यात तिला सगळे बाटलीबाई म्हणायचे. तोंडावर मॅडम, पाठ वळली की बाटलीबाई. याहून वाईट एक नाव होतं, पण ते लिहिण्यासारखं नाही आणि ओळखायला फार डोकंही लागत नाही. किरणोत्सारी कचऱ्याच्या जुन्या टाक्या उपसणाऱ्या माणसांची लघवी तपासायची, हे तिचं काम. त्या गाळातला एखादा कण श्वासातून माणसाच्या आत गेला, तर त्यातलं थोडं रक्तात उतरतं आणि रक्तातून अगदी कणभर लघवीत येतं. तेवढ्या कणभरावरून आत किती बसलंय ते सांगायचं. म्हणून टाकीत उतरणाऱ्या प्रत्येकाला अख्ख्या दिवसाची लघवी पांढऱ्या प्लॅस्टिकच्या बाटलीत भरून आणावी लागे. बाटलीवर नाव नसे, नुसता आकडा. कुणाचा आकडा कुठला हे फक्त डॉक्टरला ठाऊक असायचं.

बाटली आली की बाई ती मोठ्या काचेच्या भांड्यात ओतायची, त्यात आम्ल घालायची आणि धूर ओढणाऱ्या कपाटात मंद आचेवर आटवत ठेवायची. दूध आटवताना समोरून हलायची सोय नसते, तसंच हेही. जरा नजर चुकली की उतू जातं. आटून आटून तळाला मीठ उरलं की ते विरघळवायचं, त्यातलं नको ते काढत जायचं आणि शेवटी पैशाएवढ्या पोलादी चकतीवर हवं तेवढंच चढवायचं. मग ती चकती मोजणीच्या यंत्रात ठेवून दिवसच्या दिवस वाट बघायची. कारण कणभर म्हणजे खरोखरच कणभर असतं, यंत्रालासुद्धा ते घाईने दिसत नाही.

“आमच्या हिच्या हातचा चहा पाहुणे जरा जपून पितात,” असं तिचा नवरा लग्नापासून सांगत आला होता. तो शिंपी होता, दिवसभर लोकांच्या कमरा मोजायचा. तिने एकदा ऐकवलं, “तुम्ही लोकांच्या बाहेरून मोजता, मी आतून. आतून मोजलं की माणूस जास्त कळतो.” ते त्याला पटलंही. पण विनोद काही सोडला नाही.

बाईला किळस येत नाही असा लोकांचा समज होता. साफ चूक. बाईइतकी किळस येणारं माणूस त्या कारखान्यात दुसरं नव्हतं. लघवीची मात्र तिला कधी आली नाही. तिला शिसारी यायची ती बाटली आणून देणाऱ्यांची. कुणी दुपारी भरायला विसरला म्हणून वर नळाचं पाणी घालून आणायचा. कुणी थंड चहा आणायचा आणि वर विचारायचा, “मॅडम, रंग बरोबर आहे ना?” एकाने झाकण नीट लावलं नाही आणि बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून आणली, तो ओला कागद तिला नखाने खरवडून काढावा लागला. हीच माणसं जेवणघरात तिच्या टेबलाला खुर्ची लावायची नाहीत. बाई आली की नाकं मुरडायची. स्वतःची नखं बघा म्हणावं आधी! गाळात उतरून आलेली माणसं, तोंड धुवायचा आळस, कारखान्याने दिलेले टॉवेल गोणपाटासारखे म्हणून हात विजारीला पुसणार, आणि त्याच हाताने तोंडात घास. आणि घाण कोण, तर बाटलीबाई.

त्या वर्षी सगळ्यात जुनी टाकी उपसायला घेतली होती. तिच्या तळाला जमलेला गाळ इतका घट्ट आणि इतका वाईट होता, की आत माणूस उतरायचा तो तोंडावर हवेची नळी लावून, अंगभर सूट चढवून आणि जरा वेळच. त्या टोळीत तिचा सख्खा धाकटा भाऊ होता. हात चालणारा, गडगड हसणारा, सगळ्यांना हवासा. लवकरच टोळीचा म्होरक्या होणार अशी बोलवा होती. त्याचं लग्न झालं नव्हतं. आई त्याच्याकडेच राहायची, किंवा तो आईकडे; घर आईचं होतं, पण आवाज त्याचा. आईला साखरेचा आजार होता आणि धाकटा हे तिचं दुसरं दुखणं. दोन्ही तिने लाडाकोडात वाढवलेली.

त्या टोळीच्या बाटल्या आल्या. बाईने रांगेने भांडी आचेवर चढवली. एक भांडं मात्र वेड्यासारखं फसफसायला लागलं. तपकिरी फेस काठावरून खाली आला, तव्यावर सांडला, जळला, आणि अख्ख्या खोलीत वास पसरला तो जळक्या साखरेचा. गोड, करपलेला, घशाला चिकटणारा. लघवीचा वास तिने जन्मभर घेतला होता, पण त्यात हा गोडपणा मिसळला आणि पहिल्यांदाच तिला ओकारी आली. ती तोंडाला हात लावून खिडकीशी जाऊन उभी राहिली.

मग परत आली. फेकून द्यायचा तिचा स्वभाव नव्हता. बाटलीत अर्धं शिल्लक होतं, ते तिने थोडं थोडं घालत, फेस दाबत, नाकाला रुमाल बांधून आटवलं. पार चकतीपर्यंत नेलं आणि चकती यंत्रात ठेवली. मग डॉक्टरकडे गेली.

“टाकीच्या टोळीत कुणाला साखरेचा आजार आहे का?”

“छे. असा माणूस मी टाकीत उतरूच देणार नाही,” डॉक्टर म्हणाला. “का?”

“एका बाटलीत साखर आहे. थोडीथोडकी नाही, पाक होईल इतकी.”

डॉक्टरने आकडा विचारला, आपल्या कपाटातला कागद बघितला आणि चष्मा काढून डोळे चोळले. “दुसऱ्यांदा मागवून घेऊ,” एवढंच म्हणाला. कुणाचा ते नियमाप्रमाणे त्याने सांगितलं नाही, आणि नियमाप्रमाणे तिने विचारलं नाही. पण त्याने तिच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर तिला आवडली नाही.

सुट्टीच्या दिवशी ती आईकडे गेली. धाकटा अजून अंथरुणात होता. आई टेबलाशी बसून गोळ्यांची पाकिटं मांडत होती, आणि आज ती भलतीच खुशीत होती.

“डॉक्टरांनी नवी गोळी दिलीय,” आई म्हणाली. “भारी औषध बाई! साखर अंगात राहूच देत नाही, सगळी खालून काढून टाकते. संडासात मुंग्या लागतात म्हणून सांग!”

बाईच्या हातातला कप तसाच राहिला. तो खाली ठेवून ती उठली आणि आईच्या न्हाणीघरात गेली. बेसिनखाली, साबणाच्या खोक्यामागे, कारखान्याची पांढरी बाटली होती. रिकामी, जादा म्हणून दिलेली. तिच्या तोंडात नरसाळं अडकवलेलं. ते नरसाळं तिच्या ओळखीचं होतं. स्वयंपाकघरातलं, तेलाचं. लहानपणापासून त्याच नरसाळ्याने आई डब्यातून बाटलीत तेल ओतायची, आणि त्याच तेलात या घरातला प्रत्येक घास शिजला होता.

ते नरसाळं दोन बोटांच्या चिमटीत धरून ती बाहेर आली आणि टेबलावर गोळ्यांच्या पाकिटांशेजारी ठेवलं.

“अगं, ते इथे काय आणतेस!” आई ओरडली. “जेवणाचं टेबल आहे!”

“आत्ता आठवलं का जेवण?” बाई म्हणाली. “उठव त्याला.”

धाकटा डोळे चोळत आला. नरसाळं बघितलं आणि हसायला लागला. हे त्याचं नेहमीचं. चोरी पकडली गेली की आधी हसून बघायचं. बहीण हसत नाही म्हटल्यावर खुर्ची ओढून बसला.

“ताई, एकदाच,” तो म्हणाला. “टाकीत माझ्या तोंडावरची पट्टी सैल झाली होती. क्षणभरच, दोन श्वास. कुणाला कळलं नाही. मी बोललो असतो तर मला वर बसवलं असतं. तो किल्ल्या वाटत बसलेला माहीत आहे ना तुला, फाटकापाशी? तोही पूर्वी आमच्यातलाच. एक बाटली खराब आली आणि आता पोरं त्याच्याशी हातसुद्धा मिळवत नाहीत. मला तसं बसायचं नाही.”

“मग आईची बाटली दिलीस.”

“मीच म्हटलं घे म्हणून,” आई मध्ये पडली. “नऊ महिने पोटात सांभाळला, बाटलीभर पाणी जड आहे का मला? आणि माझं पाणी निर्मळ आहे हो. मी कुठे जाते तुमच्या त्या गटारात?”

बाईला दोघांची अशी काही शिसारी आली की म्हणून सोय नाही. एक तिशी ओलांडलेला घोडा आईच्या लघवीमागे लपलेला, आणि आई त्यात धन्यता मानून बसलेली. तिने भावाला सांगितलं, एकही शब्द न गाळता. आत गेलं असेल तर ते हाडात जाऊन बसेल आणि मरेपर्यंत तिथेच राहील. ते बाहेर काढायचं औषध आहे, सुईने देतात, पण लवकर दिलं तर उपयोग. एकेक दिवस गेला की ते आणखी खोल जातं. “तू हसून हसून तुझे दिवस घालवलेस,” ती म्हणाली. “आता माझ्यासमोर बाटली भरायची. उद्या सकाळपर्यंत मी इथून हलत नाही.”

तिने डॉक्टरला फोन करून सगळं खरं सांगितलं. डॉक्टर म्हणाला, “मला आकडा बघूनच कळलं होतं. नमुना घेऊन ये, पुढचं मी बघतो.” मग तिने न्हाणीघराच्या दाराशी खुर्ची टाकली. धाकटा दिवसभर धुसफुसत होता. तासातासाला ती त्याच्या हातात पाण्याचा तांब्या द्यायची, आणि तो गेला की दार अर्धवट उघडं ठेवायला लावायची. “अगं, लाज आहे की नाही काही?” तो आतून ओरडायचा. “तुझी लंगोटं मी धुतलीयत,” ती बाहेरून म्हणायची, “लाज तेव्हाच वाहून गेली.” आईने तिच्याशी अबोला धरला होता, पण जेवायची वेळ झाली तशी ताट आणून तिच्या मांडीवर आदळलं. बाईने एक घास घेतला. तेल जिभेला लागलं आणि नरसाळं आठवलं. तिने ताट खाली ठेवलं.

दुपारी आई मोरीशी धाकट्याचा आदल्या दिवशीचा जेवणाचा डबा घासायला बसली. तिने डबा उघडला आणि आतून एक टॉवेल काढला. मऊ, निळा, घट्ट गुंडाळलेला, ओलसर. भाजीचा डाग लागलेल्या चमच्याशेजारी तो अख्ख्या रात्रीत आंबला होता. खोलीभर कुबट वास सुटला.

“टॉवेल डब्यात?” बाईने विचारलं.

अबोला असला तरी मुलाची कौतुकं सांगायची संधी आई कशी सोडणार? “मग काय करतील बिचारे! कारखान्याचा टॉवेल गळ्याला ओरखडे काढतो. सगळी टोळी आपापला घेऊन जाते. सुटाच्या आत गळ्याभोवती बांधायचा, घाम टिपायला. तिथल्या धुलाईत टाकला की गोणपाट होतो, म्हणून घरी आणतो. मी हाताने धुते. रोज.”

बाईने भावाकडे पाहिलं. तो आता हसत नव्हता.

“सूट उतरवताना तोंडावरच्या काचेवरचा गाळ कशाने पुसता रे तुम्ही?” तिने विचारलं.

धाकट्याने नजर मोरीकडे वळवली.

“कशाने?”

“हातात येईल त्याने,” तो म्हणाला. “गळ्यात तोच असतो.”

“आणि फाटकावर यंत्र वाजत नाही?”

“डब्यातून नेला की नाही वाजत. पत्र्याच्या पार जात नाही ते. सगळ्यांना माहीत आहे.”

सगळ्यांना माहीत आहे! पत्र्याच्या पार जात नाही, एवढं ज्ञान या गाढवांना होतं. पण श्वासातून जातं, हे सुरक्षेच्या त्याच वर्गात शिकवलेलं मात्र कानाआड गेलं होतं. बाई उठून मागच्या गॅलरीत गेली. दोरीवर दुसरा निळा टॉवेल वाळत होता. कडक ऊन होतं, टॉवेल खडखडीत वाळला होता. आई तिच्यामागून आली, सवयीने दोरीवरून तो ओढला, दोनदा जोराने झटकला, छातीशी धरून घडी घातली आणि नाक लावून हुंगला. “बघ कसा मऊ,” ती म्हणाली.

ओला असतो तेव्हा त्यातून काही उडत नाही. धाकट्याच्या तोंडावर नळी, हवा, काच, सगळी व्यवस्था. टॉवेल वाळतो तो इथे. आणि तो झटकतं कोण, तर उघड्या नाकाने, रोज, त्याची आई. बाईने आईच्या हातातून टॉवेल हिसकावला आणि दोन्ही टॉवेल, डबा, चमचा, कपड्यांची टोपली, सगळं प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधलं. मग आईला डोक्यावरून पाणी घ्यायला लावलं. “अगं, चांगला डबा आहे तो! जावयांना सांगेन तुझं डोकं फिरलंय म्हणून,” आई ओरडत होती. बाईला ते ऐकूच येत नव्हतं. आईच्या बाटलीची चकती आधीच यंत्रात होती.

त्यानंतरचे दिवस बाईने कसे काढले ते तिलाच ठाऊक. धाकट्याची चकती शेजारच्या यंत्रात चढली. डॉक्टरने त्याला टाकीच्या कामावरून तात्पुरतं काढलं, टोळीच्या सगळ्यांचे डबे फाटकावर उघडायला लावले, आणि निळे, पिवळे, फुलाफुलांचे असे इतके टॉवेल निघाले की एखाद्याने दुकान टाकावं. एका म्हाताऱ्या फिटरच्या डब्यात तर बायकोची ओढणी निघाली. दोन-तीन माणसं तावातावाने भांडली, की हे त्यांचं खाजगी आहे. प्रत्येकाच्या घरी कुणी ना कुणी ते धुणारं होतं, आणि ते त्यांच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. बाईला जेवणघरात बसवेना. ती प्रयोगशाळेच्या पायरीवर बसून कोरडी बिस्किटं खायची.

आकडे आले. बाईने ते पाहिले, यंत्र तपासलं, कोरी चकती लावून बघितली, पुन्हा पाहिले. मग डॉक्टरला दाखवले. डॉक्टर म्हणाला, “सुई आजच देऊ. तू पुढे हो, मी गाडी घेऊन मागोमाग येतो.”

ती पोचली तेव्हा दोघं टेबलाशी बसली होती. धाकट्याने दाढी केली नव्हती आणि त्याचं तोंड उतरलेलं होतं. आईने नवं नरसाळं आणलं होतं. ते खिडकीत चमकत होतं. बहिणीला बघताच धाकटा उभा राहिला.

“तुझं स्वच्छ आहे,” बाई म्हणाली. “काही नाही. ते दोन श्वास फुकट गेले.”

धाकटा खाली बसला आणि हसायला लागला. हसता हसता टेबलावर डोकं टेकलं. आईने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. “सांगत नव्हते मी? माझं पोर सोन्यासारखं आहे. उगीच जीव टांगणीला लावलास बाई सगळ्यांचा.”

बाईने पिशवीतून नवी पांढरी बाटली काढली आणि टेबलावर ठेवली.

“आता ही कशाला?” आई म्हणाली. “आत्ताच तर म्हणालीस, त्याचं स्वच्छ आहे.”

“त्याचं आहे,” बाई म्हणाली. “ही तुझी.”

आईला काही उमगलं नाही. ती बाटलीकडे बघत राहिली. धाकट्याला मात्र उमगलं. त्याने डोकं वर केलं, बहिणीच्या तोंडाकडे पाहिलं, मग आपल्या पाठीवरच्या आईच्या हाताकडे. आणि अंग चोरून तो त्या हाताखालून निसटला. विंचू झटकावा तसा. धावत मोरीशी गेला आणि भडभडून ओकला.

बाईने उभ्या आयुष्यात पुष्कळ घाण पाहिली होती. पण आईच्या हाताखालून भाऊ सरकला, त्याइतकं घाण काही पाहिल्याचं तिला आठवेना. ती आईशेजारी बसली आणि तो हात आपल्या हातात घेतला. आईने तो सोडवून घेतला, कारण पोराचं पोट बिघडलं होतं आणि तिला उठायचं होतं. तिने कपाटातून एक टॉवेल काढला, धाकट्याच्या मागे जाऊन उभी राहिली आणि त्याच्या तोंडाशी धरला. तो मागे सरायला लागला. मागे भिंत होती.

“घे रे,” आई म्हणाली. “पूस तोंड. धुतलेला आहे.”